आत्याचं चटणीचं पेज

औरादपासून उदगीरपर्यंत ज्याच्या हातात फोन आहे आणि ज्याला आमच्या आत्यानं "जेवलास का?" असं अजून विचारलेलं नाही, असा एक माणूस कुणी आणून दाखवावा, मी माझी डिग्री परत करीन. आणि मी डिग्री सहज परत करणाऱ्यांतली नव्हे. आमच्या घराण्यात पदवीच्या कागदावर नाव छापून आलेली मी पहिली. वडिलांनी तो कागद काचेत बसवून देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगला, आणि आत्या माहेरी आली की बाकीच्या देवांबरोबर त्यालाही कुंकू लावायची. विद्यापीठाच्या शिक्क्यावरची काच त्यामुळं आजही लालसर आहे. मी ती पुसत नाही.

बीदरला बी.कॉम. झाल्यावर मी हैदराबादला एका कंपनीत दुकानदारांची फेसबुक-इन्स्टाग्रामवरची पेजं सांभाळायचं काम केलं, आणि वडील गेल्यावर आईसाठी संतपूरला परत आले. औरादला पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक खोली घेतली आणि पाटी लावली : 'सोशल मीडिया मार्केटिंग, अगदी पहिल्यापासून'. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा. पाटी वाचून लोक जिना चढून यायचे ते इथं रिचार्ज मारून मिळतं का हे विचारायला. शिकायला म्हणून जी पहिली आली ती आत्या. चिंताकीहून बसनं आली होती. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, पिशवीत बरणी. येऊन पहिल्या बाकावर बसली. बाक एकच होता. मी म्हटलं, "आत्या, तू कशाला? तुला काय लागेल ते मी घरी येऊन करून देते की." तर म्हणाली, "कामून? सगळी शिकायलेत, मीच तेवढी उंडारू व्हय?" आणि शेंगाच्या चटणीची बरणी टेबलावर अशी ठेवली, जसा काही प्रवेश झाला.

चटणी हा तिचा जुनाच उद्योग. शेंगाची, जवसाची, कारळाची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, होते तेव्हा ती लोकांना फुकट वाटायची, मामा गेल्यावर विकायला लागली, म्हणजे निम्मी विकायची आणि निम्मी अजून वाटायचीच. पण क्लासला येण्याचं कारण चटणी नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा दादा, पुण्याला असतो. मुलगा वाईट नाही, उलट फारच चांगला. आणि चांगल्या मुलांना जी घाई असते ती त्यालाही होती. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं की औंदाची ज्वारी निघाली की तुला घेऊन जातो, घराला कुलूप लावू. वर म्हणाला होता, "आता तिथं तुझं कोण हाय?"

हे वाक्य आत्याला बाभळीच्या काट्यासारखं रुतलं होतं. "माय, मी त्येला सांगायला बसले की माझं कोण कोण हाय, तर त्यो दोन नावात 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतोय. त्येला आयकायला येळ न्हाई. पर बगायला येळ हाय, दिसभर फोन बगायलाय. मग तू ते पेज का काय शिकवतीस, त्येच्यात दाखव त्येला. ज्वारी निघायच्या आत."

म्हणजे गुळगुळीत इंग्रजीत ज्याला आम्ही 'टार्गेट ऑडियन्स' म्हणतो तो आत्याच्या बाबतीत एकच माणूस होता, पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा. बाकीची दुनिया ही साक्षीदार.

माझा पहिला धडा फोटोचा असतो. पेजवर चेहरा स्पष्ट दिसावा, उजेड समोरून यावा, मागं पसारा नको, आणि माणूस हसावं. उजेडाचं तिला पटलं, पसारा तिनं आवरला, हसायला मात्र साफ नकार दिला. "वळख ना पाळख, आन आधीच दात काढू?" शेवटी तिनं हात जोडून, पदर सारखा करून, तोंड गंभीर ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो पाहून जवसाची चटणी मागवावी असं कुणाला वाटेल हे मला खरं वाटत नव्हतं. पण लोकांनी मागवली. तिच्या तोंडाकडं पाहून ही बाई फसवणार नाही असं वाटत असावं, किंवा नाही मागवली तर रागावेल असं.

दुसरा धडा, पाहुणं आलं की काय करायचं. मी फळ्यावर 'फॉलोअर' लिहिलं आणि सांगितलं, हा आपलं पेज बघायला आलेला माणूस, त्याला आपण जपायचं. जपायचं हा शब्द मी उगीच वापरला. आत्याच्या हिशेबी उंबऱ्यात आलेल्या माणसाला "या, बसा" न म्हणणं हे पाप. त्यामुळं पेजवर कुणी आलं रे आलं की आत्या त्याला बोलून निरोप पाठवायची. लिहायचं तिला कंटाळवाणं वाटे. फोन तोंडासमोर आरशासारखा धरून ती बोलायची. "या बाबा, बसा. तुमी कुठले? कुणाचे? माहेर कुठलं वैनीचं?" नागपूरच्या एका बिचाऱ्यानं नुसतं 'भाव काय' एवढं विचारलं होतं. आत्यानं त्याचं गाव, त्याच्या आईचं गाव, बहिणी कुठं दिल्या, हे सगळं विचारून विचारून भालकीच्या एका घराशी त्याचा धागा जुळवला, त्याला भाचा ठरवला आणि मग भाचा झाल्यामुळं भाव सांगायला संकोचली. मी मधे पडून भाव सांगितला, नाहीतर ती बरणी फुकट गेली असती. आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळं भालकीच्या बायांशी कानडी, तेलंगणाकडच्यांशी तेलुगू, बीदरच्या एका चहावाल्या चाचांशी दखनी. "क्या चाचा, चटणी कैसी हुई? मिरच्या जादा पड़ गए क्या?" चाचांनी उत्तरादाखल अश्रू ढाळणारं तोंड पाठवलं. त्या दिवशी मी तिला समजावून दिलं की हे रडकं तोंड म्हणजे चटणी झोंबली, डोळ्यांत पाणी आलं, लई भारी. तेव्हापासून रडकी तोंडं हे आत्याच्या दृष्टीनं सर्वांत मोठं बक्षीस. हसरं तोंड आलं की ती नाराज व्हायची. "ह्या बाईला औंदा मिरची कमी पडली वाटतं."

एखादा पेज सोडून गेला तर त्याचा मान-अपमान वेगळाच. आम्ही शिकवतो की लोक येतात-जातात, मनाला लावून घेऊ नये. आत्याच्या मते मंडपातून न सांगता उठून गेलेलं माणूस रुसलेलं असतं, आणि रुसलेल्या माणसाला परत आणायची जबाबदारी घरच्याची. लातूरची एक शिक्षिका अशी गेली. आत्यानं तिला निरोप धाडला, "बाई, माझं काय चुकलं? कुणी काय बोललं का?" ती शिक्षिका इतकी ओशाळली की परत आली, वर कारळाची चटणी घेतली, आणि पुढच्या महिन्यात माहेरची उणीदुणी आत्याजवळ बोलायला लागली. मी हैदराबादला कंपनीत असताना गेलेलं गिऱ्हाईक परत आणायचे बारा उपाय इंग्रजीतून पाठ केले होते. त्यात हा नव्हता. पण मी शिकलेली आहे आणि स्पष्ट सांगते, असं प्रत्येकाच्या मागं लागून मोठा धंदा होत नाही. हे मी आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, "मोठा कशाला पायजे? मला एवढी माणसं उरकंनात."

रोज एक तरी फोटो टाकावा, हा माझा नियम तिनं मनापासून पाळला; फक्त गावात माती झाली तर पाळला नाही. आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, आणि ज्याला स्वतःचं रान आहे त्याला बहुतेक करून त्याच्याच रानात पुरतात. "मानूस मातीत चाललंय आन मी चटणी दाखवू?" असं म्हणून आत्या फोन पालथा ठेवायची. चिंताकी काही लहान गाव नाही आणि आत्याचं नातं आसपासच्या सगळ्याच गावांत. त्यामुळं पेज कधी कधी सलग चार-चार दिवस सुतकात असायचं.

आणि खरेपणाचं तर विचारूच नका. जाहिरातीत मालाचे दोष सांगू नयेत हे सांगायला क्लासची गरज नाही, ते दुकानात बसणारं मांजरसुद्धा जाणतं. आत्या फोटोखाली बोलून ठेवायची, "या खेपंला लसूण जरा जास्त झालाय, लगीन ठरायलंय त्येंनी आत्ता घेऊ नका." मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "घरी नेल्यावर कळंलच की. मग कुणाला शिव्या द्यायच्यात, मलाच न्हवं?"

पण आमचं खरं भांडण झालं ते एका वेळी सगळ्यांना एकच मेसेज पाठवण्यावरून. नवशिक्यांना मी हे पाचव्या दिवशी शिकवते. यादी करायची, एकदा लिहायचं, बटण दाबायचं, शेकडो लोकांना पोचतं. माझ्या विद्यार्थ्यांचे डोळे या धड्याला चमकतात. आत्याचे विझले. "सगळ्याला एकच निरोप? आन नाव न घेता?"

"व्हय. येळ वाचतो."

"माय, असा निरोप कवा देतेत ठावं हाय का तुला? मातीचा." आणि ती मला समजावून सांगायला लागली, जशी काही विद्यार्थिनी मी. लग्नाचं, बारशाचं, हुरड्याचं बोलावणं असलं की घरोघर जायचं, एकेकाचं नाव घ्यायचं, आग्रह करायचा, नाही म्हणाला तर पुन्हा करायचा. फक्त माणूस गेलं की निरोप थोडक्यात असतो. उद्या अमुक वाजता, रानात. बस. त्यात कुणाचं नाव घेत नाहीत, आग्रह करत नाहीत, कारण सांगत नाहीत. "शुभ कामाला मी असं कुणाला बोलवणार न्हाई," आत्या म्हणाली, आणि त्या दिवशी बस यायच्या आधीच निघून गेली.

तिची बोलावण्याची रीत मला ठाऊक होती. दरवर्षी पौषात ज्वारी हुरड्याला आली की तिचा निरोप यायचा. पूर्वी माणसाबरोबर, मग फोनवर. "तू ये. वैनीला घिऊन ये. ताकाची कळशी मी ठेवलेय, तुमी काई आणू नका. आन अण्णालाबी सांग." अण्णा म्हणजे तिचा भाऊ, माझे वडील. ते गेल्यावरही तिच्या निरोपातून हे शेवटचं वाक्य गेलं नव्हतं. जन्मभराची जिभेची सवय, असं समजून मी कधी बोलले नाही. आई ते ऐकलं की भिंतीकडं तोंड करून कणीक मळायला लागायची.

त्या वर्षी मात्र ज्वारी मळायच्या दिवसांत भुसकटानं आत्याचा घसा साफ बसला. शेजाऱ्याचं खळं सुरू होतं, आणि ही बोलावल्याशिवाय तिथं मदतीला जाऊन उभी राहिलेली. तोंडातून शब्द फुटेना. इकडं तिच्या रानातल्या मागास पेऱ्याच्या तुकड्यातला हुरडा अगदी ऐन भरात, दोन दिवस थांबला तर टणक होणार. दादाचा फोन येऊन गेला होता की पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. म्हणजे हा चिंताकीतला शेवटचा हुरडा. सगळ्यांना बोलवायचं तर होतं, आणि आवाज नव्हता. तेव्हा आत्यानं, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, माझा पाचवा धडा वापरला. यादी मी केलेलीच होती. तिनं बोट दाबून दाबून लिहिलं : 'उद्या अकराला आमच्या रानात. सगळ्यांनी यावं.' हुरडा हा शब्द तिनं लिहिला नाही. पौषात रानात दुसरं काय असतं? आणि नुसता मजकूर कोरडा दिसतो, सोबत चित्र हवं, हेही मीच शिकवलेलं. म्हणून तिनं आपला तो हात जोडलेला, न हसणारा फोटो घेतला, ॲपमधली त्यातल्या त्यात शोभिवंत म्हणून झेंडूच्या फुलांची चौकट त्याच्याभोवती बसवली, आणि पाठवून दिला.

थोड्या वेळानं उत्तरं येऊ लागली. जोडलेले हात, आणि रडकी तोंडं. रांगेनं रडकी तोंडं. आत्या हरखली. एवढं कौतुक तिला कधी मिळालं नव्हतं. मग फोन वाजायला लागले. आवाज नाही तर बोलणार काय, म्हणून तिनं एकही उचलला नाही, फोन कोनाड्यात ठेवला आणि कणसं भाजायला गोवऱ्या काढायला गेली.

मी आणि आई तेव्हा कलबुर्गीला एका लग्नात होतो. मी फोन उघडला, आणि झेंडूच्या चौकटीतलं आत्याचं तोंड माझ्याकडं बघत होतं. मी शिकलेली आहे, पण हा फोटो पाठवला कुणी, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. आत्याला फोन लावला, उचलेना. दादाला लावला तर तो रडतच होता. त्यानं आत्याच्या शेजारच्या अप्पांना विचारलं होतं. अप्पा फोनवर बोलायचं म्हणजे शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले होते, "व्हय, व्हय. उद्या अकराला. ये." आणि ठेवून दिला होता. आता आणखी काय विचारायचं? दादानं पुण्याहून गाडी काढली. आम्ही पहिल्या बसला बसलो. आई वाटभर एकच म्हणत होती, "मी तिला दोन वर्सामागं भारी शाल घेतलेली, दिली न्हाई गं, पेटीतच ऱ्हायली."

आम्ही रानाच्या वाटेला लागलो तेव्हा आधीच माणसं चालली होती. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून पदर, कुणी कुणाशी बोलत नाही. भालकीच्या बाया होत्या, लातूरची शिक्षिका होती, बीदरचे चाचा खांद्यावर रुमाल टाकून खाली मान घालून चालले होते. उदगीरच्या एका किराणा दुकानदाराच्या हातात मोठा हार होता. बांधावर पोचताच संतपूरच्या बायांनी गळा काढला. "अक्का गं, आता आमाला 'जेवलीस का' कोण म्हणंल गं…"

बोरीच्या झाडाखाली आगटी पेटलेली होती. तिच्यापुढं बसून आत्या गरम कणसं तळहातावर चोळत होती. बायांचं रडणं तिनं ऐकलं, आणि कुणाच्या तरी घरी वाईट झालं हे तिला एका क्षणात कळलं. कणीस टाकून ती उठली, पदर तोंडाला लावला, धावत येऊन पुढच्या बाईच्या गळ्यात पडली आणि तिच्याबरोबर रडायला लागली. आवाज नव्हता, नुसता वारा निघत होता. त्या बाईनंही आधी तिला पोटाशी धरलं, दोघी हेलकावे देत रडल्या. मग आत्यानं फुसफुसत विचारलं, "कोण गं? कोण गेलं?"

ती बाई हुंदका देत म्हणाली, "तू गेलीस की गं अक्का!"

आगटीत एक कणीस फुटल्याचा आवाज झाला. आत्यानं सगळ्यांकडं पाहिलं, दुकानदाराच्या हातातल्या हाराकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. घशातून कसाबसा आवाज काढून म्हणाली, "म्हणलं नव्हतं तुला? असा निरोप मातीचा असतोय."

हसू कुणाला आधी फुटलं कोण जाणे. चाचा बांधावरच खाली बसले आणि रुमालानं डोळे पुसत राहिले, हसण्याचे की रडण्याचे ते त्यांनाच ठाऊक. "क्या अक्का, जान निकाल दिए ना हमारी!" हार घेऊन आलेला दुकानदार तो पाठीमागं लपवत होता. आत्यानं तो मागून घेतला, वास घेतला, "बरा हाय की, ताजा हाय" असा न्याय दिला, आणि बोरीखाली बांधलेल्या बैलाच्या गळ्यात घातला. एक म्हातारे गृहस्थ मात्र अडून बसले की मातीला म्हणून निघालेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय खायचं कसं? यावर थोडा वाद झाला. मग विहिरीचं पाणी सगळ्यांनी पायावर घेतलं, चूळ भरली, आणि मेलेल्या बाईच्या हातचा हुरडा खायला पंगत बसली. शेंगाची चटणी होती, जवसाची होती, गूळ होता, दही होतं. ज्यांनी नुसता फोटो पाहिला होता ते एकमेकांना नाव-गाव विचारत होते. आई आत्याच्या शेजारी बसून तिचा हात सोडत नव्हती, त्यामुळं आत्याला कणीस चोळता येईना.

दादा सगळ्यांत शेवटी आला. गाडी वाटेवर उभी करून ढेकळातनं धावत आला, आणि बांधावर थबकला. त्याला माणसं दिसली, बैलाच्या गळ्यातला हार दिसला, आणि मग त्याची आई दिसली. तो जागेवरच उकिडवा बसला. आत्यानं त्याला हातानं बोलावलं. "आलास? बस. गरम हाय."

तो बसला. पानावर घेतलेला हुरडा त्याच्या हातात तसाच राहिला. मग तो शेजारच्या बाईला म्हणाला, "तुमी कोण?"

"मी भालकीची. चटणी नेते अक्काकडनं."

"आन तुमी?"

"मी लातूरची. मीपण नेते. मधे रुसले होते."

चाचांना विचारायच्या आत चाचाच म्हणाले, "मैं तो खाता भी नहीं बेटा, पेट में जलन होती. अक्का रोज पूछती, चाय बिकी क्या. इतनाच है हमारा."

दादानं आणखी कुणाला विचारलं नाही. एकदा सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं जे फोनवर विचारलं होतं त्याचं उत्तर तिथं मांडी घालून बसलं होतं आणि वर आणखी दही मागत होतं. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती चोळलेले दाणे फुंकून भुसा उडवत होती, आणि मला माहीत आहे, फुंकर मारताना ती नेहमी डोळे मिटते. त्या दिवशी जरा जास्त वेळ मिटले होते.

संध्याकाळी दादा परत निघाला तेव्हा गाडीत बरण्या होत्या, आत्या नव्हती. पुढच्या रविवारची गोष्ट कुणीच काढली नाही. वाड्याबिड्याचं नव्हे, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे तिचं, पण त्याला कुलूप लागलं नाही. दादा आता महिन्यातून एकदा येतो आणि पेजवरच्या पार्सलांना चिकटपट्ट्या लावून देतो. 'बरं बरं' अजून म्हणतो, पण सगळी नावं संपल्यावर.

माझा क्लास चालू आहे. आता दोन बाक आहेत. पाचवा धडा मी अजूनही शिकवते, कारण तो चुकीचा नाही. फक्त फुलांची चौकट वापरू नका एवढं सांगते, आणि का ते सांगत नाही.

औंदा पौषात पुन्हा आत्याचा निरोप आला. आवाज परत आलाय, थोडा जाडसर झालाय. "तू ये. वैनीला घिऊन ये. ताकाची कळशी ठेवलेय. आन अण्णालाबी सांग." यंदा मी धीर केला. फोन लावून म्हटलं, "आत्या, अण्णांना जाऊन किती वर्सं झाली. तू दर खेपंला…"

ती रागावली नाही. पलीकडं कणसं चोळल्याचा आवाज येत होता. म्हणाली, "मला ठावं हाय माय. पर आपण बोलवायचं सोडायचं न्हाई. येणं न येणं त्येच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शाल घेऊन रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिली होती, तीच, पेटीतली. मी दार ओढून घ्यायला मागं राहिले. आत कुणीच नव्हतं. भिंतीवर देवांची रांग, त्यात लालसर काचेतली माझी डिग्री, आणि तिच्या शेजारी वडील. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "आत्यानं हुरड्याला बोलवलंय." थोडं थांबले, आणि मग कुलूप लावलं.